पेन्सिलीने लिहिलेला अर्ज



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती कोणा पंडिताने केलेली नाही. वकिलाची फी, एस्‌.टी.चे भाडे आणि तारखांवर तारखा यांत ज्यांची उभी हयात गेली, त्यांनी ती केली आहे. पण या म्हणीत एक गोष्ट राहून गेली. बांधाच्या भांडणात कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे थोडेफार आपल्या हाती असते. फौजदारी खटल्यात तसे नसते. ज्याला शिपाई दंडाला धरून ती पायरी चढवतो, त्याने शहाणपण कोठे दाखवावे? आणि त्याच्या खिशात वकिलाला द्यायला दमडीही नसेल, तर त्याने करावे तरी काय?

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत एका कैद्याने मिळवले. त्याची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. त्या राज्यात समुद्रकाठी पनामा सिटी नावाचे गाव आहे. तेथे बिलियर्डसारखा एक खेळ खेळण्याची आणि बियर पिण्याची एक जागा होती. ३ जून १९६१ च्या पहाटे ती कोणीतरी फोडली. सिगारेटच्या यंत्रातली आणि गाण्यांच्या पेटीतली नाणी गेली. थोडी दारूही गेली. म्हणजे चोरी फार मोठी नव्हती. एक तरुण पोलिसांना म्हणाला, ‘पहाटे साडेपाचच्या सुमारास मी खिडकीतून आत पाहिले. क्लॅरन्स गिडियन आत होता.’ पोलिसांनी गिडियनला पकडले.

हा गिडियन काही साधुपुरुष नव्हता. वय पन्नास, शिक्षण बेताचे, स्थिर असा कामधंदा नाही. जुगाराचा नाद होता आणि पूर्वी चार वेळा शिक्षा झालेली होती. गावातल्या कोणालाही विचारले असते, ‘काय हो, चोरी याने केली असेल का?’ तर दहातले नऊ जण म्हणाले असते, ‘त्याच्याशिवाय दुसरा कोण?’ अशा माणसाचाच हा खटला आहे, हे ध्यानात ठेवा. सज्जनाचे रक्षण करायला सगळेच उभे राहतात. कायद्याची परीक्षा होते ती गिडियनसारख्यांच्या वेळी.

ऑगस्ट १९६१ मध्ये खटला उभा राहिला. गिडियन न्यायाधीशांना म्हणाला, ‘साहेब, माझी तयारी नाही. मला वकील नाही आणि करायला पैसे नाहीत. कोर्टाने मला वकील द्यावा.’ न्यायाधीश म्हणाले, ‘मला तसे करता येत नाही. ज्या गुन्ह्याला फाशी आहे, त्यातच या राज्याचा कायदा वकील देऊ देतो.’ गिडियनने सांगून पाहिले की, देशाचे सुप्रीम कोर्ट म्हणते मला वकिलाचा हक्क आहे. गंमत अशी, की त्या दिवशी कायदा न्यायाधीशांना बरोबर ठाऊक होता आणि गिडियनचे म्हणणे चुकीचे होते. सुप्रीम कोर्टाने तसे कधी म्हटलेच नव्हते.

मग गिडियन स्वतःच स्वतःचा वकील झाला. त्याने ज्यूरीपुढे भाषण केले, साक्षीदारांना प्रश्न विचारले, आपल्या बाजूचे साक्षीदारही बोलावले. सामान्य माणसाला जेवढे जमेल तेवढे सारे त्याने केले. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. पाच वर्षांची कैद झाली.

आता येथे जरा थांबून अमेरिकेच्या घटनेत आरोपीला काय काय दिलेले आहे ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींना नागरिकशास्त्राच्या तासाला याचा उपयोग होईल.

त्या देशाच्या घटनेला १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांना हक्कांची सनद म्हणतात. चौथी दुरुस्ती सांगते की, सबळ कारणावाचून कोणाच्या घराची वा अंगाची झडती घेऊ नये. पाचवी म्हणते, एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा संकटात घालू नये, आणि कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये. आठवी म्हणते, जामीन अवाच्या सवा मागू नये आणि शिक्षा क्रूर असू नये. यांच्यामध्ये आहे सहावी. खटला खुद्द कसा चालावा हे ती सांगते. खटला लवकर आणि उघड चालावा, बंद दाराआड नव्हे. त्या भागातल्या निःपक्षपाती ज्यूरीपुढे चालावा. आरोप काय आहे हे आरोपीला कळावे. विरुद्ध साक्षीदार त्याच्यासमोर उभे राहावेत, म्हणजे त्यांची उलटतपासणी करता येईल. त्याच्या बाजूच्या साक्षीदारांना कोर्टाने हुकूम पाठवून आणावे. आणि शेवटी, बचावासाठी त्याला वकिलाचे साहाय्य मिळावे.

ही यादी ऐकून तुम्ही म्हणाल, ‘मग गिडियनला वकील का मिळाला नाही? घटनेत तर स्पष्ट लिहिले आहे!’

त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्यांनी ही दुरुस्ती लिहिली त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्लंड होते. तेथे चोरी-दरोड्यासारख्या गंभीर गुन्ह्यात आरोपीने पैसे मोजले तरी त्याच्या वतीने वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करता येत नसे. ती मुभा तेथे १८३६ च्या कायद्याने मिळाली. तेव्हा १७९१ सालच्या अमेरिकनांना म्हणायचे होते ते एवढेच, की ज्याला वकील आणता येईल त्याला कोर्टाने अडवू नये. ज्याला आणता येत नाही त्याचे काय, हे त्यांनी सांगितले नाही. दुसरे कारण असे की, ही सनद सुरुवातीला फक्त दिल्लीसारख्या मध्यवर्ती सरकारला, म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारला, बांधत होती. राज्यांना ती लागू नव्हती. आणि चोरी, मारामारी, खून असले बहुतेक खटले चालतात ते राज्यांच्या कोर्टांत. पुढे यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली. कोणतेही राज्य कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता योग्य कायदेशीर रीतीवाचून हिरावून घेणार नाही, असे तिने सांगितले. पण ‘योग्य रीत’ म्हणजे काय? त्यात वकील येतो की नाही? या एका शब्दसमूहावर शंभर वर्षे वाद चालला.

१९३१ साली अलाबामा राज्यात एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय पोरे उतरवून पकडली. काही तर अजून मिसरूडही न फुटलेली. दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. बाहेर जमाव खवळलेला होता. न्यायाधीशांनी गावातल्या सगळ्याच वकिलांना मिळून त्यांची बाजू मांडायला सांगितले. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, हे आपल्याला सार्वजनिक विहिरीच्या गाळावरून ठाऊक आहे. पकडल्यापासून साधारण पंधरवड्यात खटले उरकले आणि आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, सुप्रीम कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या. प्राणावर बेतलेल्या खटल्यात गरीब, अजाण आरोपीला खराखुरा वकील दिलाच पाहिजे, असा तो निकाल होता. त्या दोघींपैकी एकीने १९३३ साली कोर्टात येऊन सांगितले की आरोप खोटा होता. तरीही त्या पोरांपैकी कित्येकांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली.

१९३८ साली मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांत प्रत्येक गंभीर खटल्यात वकील देणे सक्तीचे झाले. पण १९४२ साली पाऊल अडले. मेरिलँड राज्यातला शेतावर काम करणारा एक बेकार मजूर दरोड्याच्या आरोपात सापडला होता. त्याने वकील मागितला, तो मिळाला नाही. सुप्रीम कोर्ट म्हणाले, फाशीचा प्रश्न नसेल तेथे राज्यांवर अशी सक्ती नाही. आरोपी अगदीच अडाणी किंवा वेडसर असेल, असे काही खास कारण असेल, तर गोष्ट वेगळी. त्या खटल्यात तीन न्यायाधीशांचे मत निराळे पडले. त्यांतले एक होते ह्यूगो ब्लॅक. हे नाव लक्षात ठेवा.

आता पुन्हा तुरुंगात येऊ. गिडियनला रेफर्ड गावच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे तो कायद्याची पुस्तके चाळू लागला. फ्लोरिडाच्या वरिष्ठ कोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला. मग तुरुंगातून मिळणाऱ्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीने त्याने देशाच्या सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण मुद्दा एकच होता आणि स्वच्छ होता. मी गरीब आहे, मी वकील मागितला, मला तो दिला नाही. जानेवारी १९६२ मध्ये तो अर्ज वॉशिंग्टनला पोहोचला. असे अर्ज तेथे रोज येतात आणि बहुतेक सारे नामंजूर होतात. हा मात्र कोर्टाने ठेवून घेतला.

ज्याला खालच्या कोर्टात एकही वकील मिळाला नव्हता, त्याला वरच्या कोर्टाने देशातल्या नामांकित वकिलांपैकी एक नेमून दिला. त्यांचे नाव एब फोर्टस. फ्लोरिडा सरकारने इतर राज्यांना पत्रे पाठवली की, आमच्या बाजूने उभे राहा. हा राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न आहे. अपेक्षा अशी होती की सारी राज्ये धावून येतील. आली दोनच. उलट वीसांहून अधिक राज्यांनी कोर्टाला लिहून कळवले की, गिडियनचे म्हणणे बरोबर आहे, गरिबाला वकील मिळालाच पाहिजे.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताचे होते. निकालपत्र लिहिले ह्यूगो ब्लॅक यांनी. एकवीस वर्षांपूर्वी अल्पमतात राहिलेले त्यांचे मत आता साऱ्या कोर्टाचे झाले. त्यांचा युक्तिवाद कोणालाही पटेल असा आहे. सरकार आरोपीवर खटला भरते तेव्हा पगारी वकील नेमते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आरोपी सर्वांत चांगला वकील गाठतो. सरकारलाही वकील लागतो आणि श्रीमंतालाही लागतो. याचा अर्थ फौजदारी कोर्टात वकील ही चैन नव्हे, गरज आहे. मग ती गरज फक्त गरिबालाच नसते, असे कसे म्हणता येईल?

पण गोष्टीचा खरा धडा पुढे आहे. निकालाने गिडियन निर्दोष सुटला नाही. त्याला फक्त नवा खटला मिळाला. ऑगस्ट १९६३ मध्ये तेच कोर्ट, तेच न्यायाधीश, तोच आरोप, तोच मुख्य साक्षीदार. फरक एकच. आरोपीच्या शेजारी या वेळी एक माणूस बसला होता. फ्रेड टर्नर नावाचे स्थानिक वकील.

टर्नर यांनी खटल्याची तयारी करून ठेवली होती. त्यांनी त्या तरुण साक्षीदाराला विचारले, ‘तू रात्री नाचाला गेला होतास ना? मग पहाटे साडेपाचला त्या बंद दुकानापाशी काय करत होतास? बरोबर कोण होते?’ प्रश्नांवर प्रश्न विचारून त्यांनी ज्यूरीपुढे असा संशय उभा केला की, दुकान फोडणाऱ्या पोरांसाठी पहारा देणारा हाच असेल. मग साक्षीला आला टॅक्सीवाला. त्याने गिडियनला त्या पहाटे गाडीत घेतले होते. त्याने सांगितले, ‘गिडियन मला म्हणाला, मला गाडीत घेतल्याचे कोणाला सांगू नकोस.’ झाले! आता आणखी काय पुरावा हवा? पण टर्नर यांनी शांतपणे विचारले, ‘यापूर्वी तो तुला असे कधी म्हणाला होता का?’ टॅक्सीवाला म्हणाला, ‘हो, दर वेळी म्हणतो.’ ‘का म्हणत असेल?’ ‘त्याचे बायकोशी पटत नाही, म्हणून असेल.’

पाहा, साक्षीदार खरेच बोलत होता. शब्दही तेच होते. पुढचा एक प्रश्न विचारणारे कोणी नसते, तर त्या खऱ्या शब्दांनीच गिडियनला बांधले असते. साधारण तासाभरात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. दोन वर्षे तुरुंगात काढून गिडियन घरी गेला. १९७२ साली तो वारला.

शिक्षकांना हे वर्गातही पटवून देता येईल. एखाद्या मुलावर कोणाचे पेन चोरल्याचा खोटा आळ खेळ म्हणून घ्या आणि त्याला सगळ्या वर्गासमोर उत्तर द्यायला उभे करा. तो लाल होतो, अडखळतो, नको ते बोलतो, आणि त्याचे ते गोंधळणेच वर्गाला चोरीचा पुरावा वाटते. मग त्याच्या बाजूने बोलायला दुसऱ्या एका मुलाला उभे करा. ज्याच्या मानेवर आळ नाही त्याला प्रश्न सुचतात. वकील म्हणजे शब्दांची कसरत करणारा नव्हे. ज्याची बुद्धी भीतीने गोठली आहे, त्याच्यासाठी शांत डोक्याने विचार करणारा माणूस, तो वकील.

आता एक आक्षेप राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘गुरुजी, गिडियन सुटला ते ठीक. पण हे हक्क खऱ्या गुन्हेगारालाही मिळतात, त्याचे काय? चोराच्या वकिलाची फी आमच्या करातून का द्यायची?’

होय, खऱ्या गुन्हेगारालाही ते मिळतात. त्याच १९६३ साली ॲरिझोना राज्यात अर्नेस्टो मिरांडा नावाच्या तरुणाला एका मुलीला पळवून नेऊन बलात्कार केल्याच्या आरोपावरून पकडले. पोलिसांच्या दोन तासांच्या चौकशीनंतर त्याने कबुलीजबाब लिहून दिला. गप्प राहण्याचा तुला हक्क आहे, वकील बोलावण्याचा हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. १९६६ साली सुप्रीम कोर्टाने तो कबुलीजबाब बाद केला. निकाल एकमताचा नव्हता. पाच विरुद्ध चार होता. तेव्हापासून अमेरिकेत पोलिसांना ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला सांगावे लागते, की तू गप्प राहू शकतोस. तू बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल. तुला वकिलाचा हक्क आहे, आणि पैसे नसतील तर वकील नेमून दिला जाईल. लोक ओरडले, की आता पोलिसांचे हात बांधले गेले. पण मिरांडा सुटला नाही. १९६७ साली कबुलीजबाबावाचून, दुसऱ्या पुराव्यावर, त्याला पुन्हा दोषी ठरवून शिक्षा झाली.

यातच त्या आक्षेपाचे उत्तर आहे. वकील दिला म्हणून गिडियन सुटला आणि हक्क दिले तरी मिरांडा अडकला. चाळणीचे काम धान्य फेकण्याचे नसते, निवडण्याचे असते. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे खटल्याआधी कळत असते, तर खटल्याची गरजच काय होती? ते कळत नाही, म्हणून दोघांनाही एकाच चाळणीतून जावे लागते. आपण कर भरतो तो चोराच्या सुखासाठी नव्हे. निर्दोष माणूस आत जातो तेव्हा खरा चोर बाहेर मोकळा असतो, हे टाळण्यासाठी भरतो.

म्हणून अमेरिकेत सारे आलबेल आहे, असे मात्र समजू नये. गिडियनच्या निकालानंतर फ्लोरिडात गरिबांसाठी सरकारी खर्चाने बचाव वकिलांची व्यवस्था झाली आणि वकिलाशिवाय शिक्षा झालेले शेकडो कैदी सुटले. १९७२ साली हा हक्क अगदी लहान गुन्ह्यांतही लागू झाला, जर त्यात कैद होणार असेल तर. पण या वकिलांच्या डोक्यावर कामाचे डोंगर असतात. एकेका आरोपीला द्यायला पुरेसा वेळ नसतो. शिवाय तेथे एक सौद्याची पद्धत आहे. गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी मागतो, असे सरकारी वकील म्हणतात. मोठ्या शिक्षेच्या भीतीने आरोपी कबूल करतो. २०१२ सालच्या एका निकालपत्रात सुप्रीम कोर्टानेच आकडे दिले. मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांत दोषी ठरलेल्या शंभरांतले ९७, आणि राज्यांच्या कोर्टांत ९४ जण, हे खटला न चालता कबुलीनेच दोषी ठरलेले असतात. सहाव्या दुरुस्तीतली ज्यूरी, उलटतपासणी, उघड कोर्ट, हे सारे त्यांच्या वाट्याला आलेच नाही. म्हणून त्या निकालात कोर्टाने सांगितले, की सौदा करतानाही आरोपीला चांगल्या वकिलाचा हक्क आहे.

गिडियनचा पेन्सिलीचा अर्ज आपल्या देशापर्यंतही पोहोचला आहे. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क १९५० पासून आहे. १९७६ साली मोफत कायदेसाहाय्याचे कलम घटनेत आले. आणि १९७८ साली महाराष्ट्र राज्याविरुद्धच्या एका खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की, तुरुंगातल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील करणे शक्य नसेल तर तोही सरकारने दिला पाहिजे. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गिडियनची आठवण काढली आहे. आज १९८७ च्या कायद्याखाली तालुक्यातालुक्याला विधी सेवा समित्या आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेला कोणताही मनुष्य, यांना तेथे मोफत वकील मागता येतो. हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना ते सांगणे हे गावातल्या चार शिकलेल्यांचे काम आहे.

कारण हक्क घटनेत लिहून ठेवल्याने भागत नाही. १७९१ साली लिहिलेला हक्क गिडियनपर्यंत पोहोचायला १९६३ साल उजाडावे लागले. तो आपला आपण पोहोचला नाही. फारसे शिक्षण नसलेल्या एका कैद्याने तो मागितला, म्हणून पोहोचला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण कोणा दुबळ्याला ती चढावी लागली, तर तो एकटा चढणार नाही एवढे पाहणे, हेही शहाण्याचेच काम आहे.